साताऱ्याची वस्त्रे : सत्ता आणि अधिकार यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

१७७४ च्या मे महिन्यात पुरंदर किल्ल्यावर चाळीस दिवसांच्या एका मुलाला पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. वडील नारायणराव आदल्या वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात मारले गेले होते. आई गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. ज्यांच्यावर त्या खुनाचा ठपका आला ते रघुनाथराव, नारायणरावांचे सख्खे चुलते, पेशवे होऊन बसले. त्यांच्याविरुद्ध नाना फडणीस, सखारामबापू बोकील आणि इतर कारभारी एकत्र आले. त्यांनाच आपण बारभाई म्हणतो. खजिना, दफ्तर, किल्ले, हेर, फौजेचा मोठा भाग असे सगळे हळूहळू बारभाईंकडे आले. तरीही ‘आजपासून राज्य आमचे’ असे त्यांना म्हणता आले नाही. एका बाळंतपणाची वाट पाहावी लागली. १८ एप्रिलला मुलगा झाला आणि मग साताऱ्याकडे वस्त्रांची मागणी गेली, कारण पेशवेपदाची वस्त्रे छत्रपतींकडूनच यावी लागत.

साताऱ्याला तेव्हा छत्रपती कोण होते? रामराजे. १७५० मध्ये ताराबाईंनी त्यांना किल्ल्यात कैद केले होते आणि पुढचेही त्यांचे आयुष्य बहुतेक दुसऱ्यांच्या नजरेखालीच गेले. फौज त्यांच्या शब्दावर हलत नव्हती, वसूल त्यांच्याकडे येत नव्हता, इतमामाचा खर्चसुद्धा पुण्याच्या संमतीने चाले. म्हणजे ज्यांच्या हाती सगळे होते ते, ज्यांच्या हाती काहीच उरले नव्हते त्यांच्या दारी गेले. रघुनाथरावांनीही आपली वस्त्रे तिथूनच मिळवली होती. दोन्ही पक्ष एकमेकांच्या जिवावर उठलेले, पण साताऱ्यावाचून पेशवा होत नाही याबद्दल दोघांचे एकमत होते.

कॉलेजात असताना मी हे वाचले तेव्हा मला तो निव्वळ देखावा वाटला. खरे राज्य पुण्यात आणि वस्त्रे म्हणजे कापड, असे मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ठासून लिहिलेही होते. पुढे कागदपत्रे वाचू लागलो तसा तो ठामपणा गळून पडला. देखावाच असेल, तर व्यवहारात इतकी मुरलेली, पैशापैशाचा हिशेब ठेवणारी माणसे त्या देखाव्यासाठी एवढी धडपड का करतात? १७९६ मध्ये, पेशवाई मोडकळीला आलेली असतानाही, दुसऱ्या बाजीरावांसाठी साताऱ्याहून वस्त्रे का आणावी लागतात? तलवारीने जे मिळत नाही असे काहीतरी त्या कापडात होते. ते काय होते याचा शोध म्हणजे हे पुस्तक.

आधी शब्दांचा हिशेब करू. मराठीत सत्ता ‘येते’ आणि ‘जाते’. ती बळकावता येते, गाजवता येते, भोगता येते. अधिकाराच्या वाट्याला दुसरी क्रियापदे येतात. तो ‘असतो’, ‘पोचतो’, ‘मानला जातो’. एखाद्या बुवांचा गाण्यातला अधिकार मोठा, असे आपण म्हणतो. त्यांची गाण्यातली सत्ता मोठी, असे कोणी म्हणत नाही. वारकऱ्यांच्या बोलण्यात ‘अधिकारी पुरुष’ म्हणजे कचेरीतला साहेब नसून ज्याच्या पायाशी बसून शिकावे असा माणूस असतो. गावाकडची भाषा तर याहून बारीक भेद करते. धाक, वचक, जरब, दरारा हे शब्द एका बाजूचे. मान, वजन, भीड, शब्द हे दुसऱ्या बाजूचे. ‘त्याचा वचक आहे’ आणि ‘त्याच्या शब्दाला वजन आहे’ ही दोन वाक्ये गावात कोणी एकमेकांत मिसळत नाही. सरकारी मराठीने मात्र ही सरमिसळ करून ठेवली. तिथे पदावरच्या प्रत्येकाला अधिकारी म्हणतात, ‘अधिकार काढून घेण्यात येत आहेत’ असा हुकूम निघतो, आणि नागरिकाच्या हक्कालाही अधिकारच म्हणतात. त्यामुळे या पुस्तकात हे दोन शब्द मी कोणत्या अर्थाने वापरतो ते सांगणे भाग आहे.

समोरच्याची इच्छा नसताना त्याच्याकडून काही करवून घेण्याचे बळ म्हणजे सत्ता. ते बळ काठीचे असेल, पैशाचे असेल, बदलीच्या भीतीचे असेल किंवा माहिती दडवून ठेवण्याचे असेल. आणि ‘मला हे सांगण्याचा याला हक्क आहे’ असे ज्यामुळे समोरचा माणूस स्वतःहून मानतो, तो अधिकार. सत्तेचे ठिकाण सांगणाऱ्यापाशी असते. अधिकाराचे ठिकाण ऐकणाऱ्यापाशी असते. हे दुसरे वाक्य या पुस्तकाचा कणा आहे आणि ते मला बारभाईंच्या त्या धडपडीने शिकवले. नानांना सरदारांना आज्ञा करायची होती. सरदारांनी ती का ऐकावी, याचे उत्तर नानांच्या तिजोरीत नव्हते, सरदारांच्या मनात होते. ते मन साताऱ्याची गादी मानत होते आणि पेशव्याचे घराणे मानत होते, म्हणून चाळीस दिवसांचे मूल आणि पहाऱ्यातले छत्रपती या दोघांचीही गरज पडली.

हा भेद नवा नाही. रोमन लोकांकडे यासाठी दोन वेगळे शब्द होते, पोतेस्तास आणि ऑक्तोरितास. पहिला पदाच्या बळाचा, दुसरा ज्येष्ठांच्या आणि थोरांच्या वजनाचा. सिसेरोने बळ लोकांकडे आणि वजन सिनेटकडे अशी वाटणी सांगितली. पुढे ऑगस्टस बादशहाने आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तांत मागे ठेवला, त्यात त्याने दावा केला की वजनात मी सर्वांहून वरचढ होतो, पण पदाचे बळ माझ्या सहकाऱ्यांपेक्षा मला अधिक नव्हते. सगळी फौज मुठीत असलेल्या माणसाला असा दावा करावासा वाटला, यातच त्या दुसऱ्या शब्दाची किंमत कळते.

आधुनिक काळात या विषयाची मांडणी करताना माक्स वेबर यांना टाळून पुढे जाता येत नाही. १९२० मध्ये ते वारले आणि त्यांचा ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ हा मोठा ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. विरोध झाला तरी आपली इच्छा तडीस नेण्याची शक्यता म्हणजे सत्ता, अशी त्यांची व्याख्या. पण निव्वळ सत्ता टिकाऊ नसते, तिला मान्यतेचा आधार लागतो, आणि तो तीन ठिकाणांहून येतो असे त्यांनी दाखवले. पूर्वापार चालत आले म्हणून मानायचे, ही परंपरा. एखाद्या व्यक्तीत असामान्य काही जाणवते म्हणून मानायचे, ही विभूतिमत्त्वाची मान्यता. नियमाने पद दिले आहे म्हणून मानायचे, ही कायद्याची. मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याला ही तीन खणांची मांडणी फार उपयोगी पडते, आणि तोकडीही पडते. उपयोगी अशी, की शिवाजी महाराजांचे तेज शाहू महाराजांच्या काळी परंपरा झाले आणि पेशव्यांच्या दफ्तरात त्याचा नियम झाला, हा प्रवास तिच्यामुळे स्पष्ट दिसतो. तोकडी अशी, की वेबर यांचे लक्ष बहुतेक वरच्या माणसाकडे राहते. मानणारा माणूस मानतो तरी कशाच्या बदल्यात, कुठवर, आणि मानेनासा कधी होतो, हे त्यांच्याकडून पुरेसे कळत नाही.

ती उणीव एका कारखानदारी जगातल्या माणसाने भरून काढली. चेस्टर बर्नार्ड हे अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष. १९३८ मध्ये त्यांनी कार्यकारी माणसाच्या कामावर एक पुस्तक लिहिले. हुकमात अधिकार आहे की नाही हे हुकूम देणारा ठरवत नाही, ज्याला हुकूम मिळाला तो ठरवतो, असे त्यांनी त्यात सरळ सांगितले. प्रत्येक माणसाच्या मनात एक पट्टा असतो. त्या पट्ट्यात बसणारे हुकूम तो फारसा विचार न करता पाळतो. पट्ट्याबाहेरचा हुकूम आला की तो थबकतो. चांगला प्रमुख तो पट्टा ओळखतो. बर्नार्ड यांच्या आधीच मेरी पार्कर फॉलेट यांनी ‘दुसऱ्यावरची सत्ता’ आणि ‘दुसऱ्यासह सत्ता’ असा फरक केला होता. हुकूम माणसाने माणसाला देऊ नये, दोघांनी मिळून परिस्थितीचा हुकूम ओळखावा, असे त्यांचे म्हणणे होते. फॉलेट १९३३ मध्ये वारल्या आणि पुढे बरीच वर्षे विसरल्या गेल्या. नेतृत्वावरच्या आजच्या पुस्तकांतल्या अर्ध्याअधिक चांगल्या कल्पना त्यांच्याकडे सापडतात, असे मी जबाबदारीने म्हणतो.

पुढच्या विचारवंतांची इथे धावती ओळखच करून देता येईल. १९५९ मध्ये फ्रेंच आणि रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी प्रभावाची पाच उगमस्थाने सांगितली : बक्षीस, शिक्षा, पदाची मान्यता, जाणकारी आणि आपलेपणा. व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही तेच पाच शिकवतात. हॅना अरेंट यांनी बजावले की जिथे जबरदस्ती करावी लागते तिथे अधिकार संपलेला असतो, आणि जिथे युक्तिवाद करून पटवावे लागते तिथे तो बाजूला ठेवलेला असतो. स्टीव्हन ल्यूक्स यांनी १९७४ मध्ये लक्ष वेधले ते अधिक खोल जागेकडे. माणसाला काय हवेसे वाटावे हेच जिथे ठरवले जाते, तिथली सत्ता दिसत नाही आणि म्हणून तिला विरोधही होत नाही. मला वाटते, ल्यूक्स यांचा हा इशारा ध्यानात ठेवूनच अधिकाराची थोरवी गावी. मान्यता दिसली की लगेच ‘लोकांनी मनापासून मानले’ असे म्हणणे घाईचे असते.

आपल्याकडे या विचाराची सुरुवात कौटिल्यापासून करण्याचा प्रघात आहे. त्याने राजाच्या तीन शक्ती सांगितल्या. ज्ञान आणि मसलत यांची मंत्रशक्ती, कोश आणि सैन्य यांची प्रभुशक्ती, पराक्रमाची उत्साहशक्ती. लोकांची मान्यता या यादीत नाही. पण तोच कौटिल्य दुसरीकडे सांगतो की प्रजा दरिद्री झाली की लोभी होते, लोभी झाली की तिचे मन उडते, आणि मन उडालेली प्रजा शत्रूला जाऊन मिळते. ही पायरीपायरीने होणारी घसरण त्याने पाहिली होती, फक्त तिला अधिकाराचे नाव दिले नाही. ‘अधिकार’ हा शब्द संस्कृतात वेगळ्याच वाटेने वाढला. यज्ञ कोणी करावा, वेद कोणी ऐकावा, कोणी ऐकू नये, याचा निर्णय करणारा तो शब्द होता. शूद्रांना आणि स्त्रियांना दूर ठेवणारे वाद याच शब्दाभोवती झाले. म्हणून अधिकार हा शब्द मला कधीही निखळ पवित्र वाटत नाही. त्याच्या पोटात पात्रता आहे, आणि दुसऱ्याला अपात्र ठरवणेही आहे.

आता पुस्तकाच्या मुख्य मुलखात येतो. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना लिहिलेले पत्र इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते. पावसाळा अजून जायचा आहे, चंदी-वैरण जपून वापरा, ती आत्ताच संपवली तर पुढे घोडी मरतील आणि मग तुम्ही कुळंब्यांकडून दाणे, गवत, भाजीपाला ओढून आणू लागाल. तसे झाले तर रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात पळवतील आणि गंजीला आग लागेल, एवढ्या तपशिलापर्यंत ते पत्र उतरते. बहुतेक जण त्यात महाराजांची रयतेविषयीची माया पाहतात, आणि ती आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या राज्याची तुलना रयत मोगलांशी करते, तो निवाडा तिच्या हाती आहे, आणि तो गवताच्या काडीवरून होतो, हे महाराजांना पक्के ठाऊक होते. सत्तेचा माणूस ‘रयत काय म्हणेल’ असे लिहीत नाही. शिक्षेचा धाक त्या पत्रातही आहे, पण तो आपल्याच अंमलदारांसाठी आहे.

दुसऱ्याच वर्षी, ६ जून १६७४ ला, राज्याभिषेक झाला. त्या दिवशी महाराजांच्या मुलखात एका गावाचीही भर पडली नाही. किल्ले तेच, फौज तीच, शत्रू तेच. मग एवढा खर्च, एवढी खटपट, गागाभट्टांना आणणे, नवा शक, नवी नाणी कशासाठी? ज्यांनी आधीच सगळे जिंकले होते त्यांना आज्ञा करण्याचा हक्क सर्वांच्या नजरेत पक्का करायचा होता. बादशाही मनसबदार आणि आदिलशाही सरदार यांच्यासमोर, आणि महाराजांना बरोबरीचेच समजणाऱ्या जुन्या मराठा घराण्यांसमोरही. आणि याच सोहळ्यात अधिकाराची दुसरी बाजूही उघडी पडते. ज्यांनी राज्य उभे केले त्यांना अभिषेकासाठी क्षत्रियत्वाचा पुरावा द्यावा लागला. थोड्याच महिन्यांत निश्चलपुरींच्या हातून तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. मान्यता देणारे एकाहून अधिक असतात आणि प्रत्येकाची कसोटी निराळी असते, हे रायगडावर तेव्हाच दिसले.

त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत सत्ता आणि अधिकार यांची फारकत होत गेली, आणि ही फारकत मराठ्यांच्या राज्यात जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच कुठे दिसत असेल. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतले तेव्हा त्यांच्यापाशी फौज नावालाच होती. हे खरेच संभाजी महाराजांचे पुत्र आहेत याची खात्री पटल्यावर धनाजी जाधव ताराबाईंचा पक्ष सोडून त्यांना मिळाले. तिथे अधिकाराने सत्ता ओढून घेतली. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्य यांच्या सनदा आणल्या. चौथाई तलवारीच्या जोरावर आधीपासून वसूल होतच होती, सनदेने ती हक्काची झाली. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी पेशव्यांसाठी बादशहाकडून वकील-इ-मुतलकचे, म्हणजे बादशाही मुखत्याराचे, पद मिळवले आणि आपण त्यांचे नायब झाले. चारच वर्षांनी गुलाम कादिरने बादशहाचे डोळे काढले. आंधळ्या, दुबळ्या बादशहाचे फर्मान तरीही हिंदुस्थानभर मोलाचे होते. १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले, त्या पदाची वस्त्रे आणि फर्मान त्यांनी तरुण पेशव्यांना अर्पण केले. उत्तर हिंदुस्थान ज्यांच्या मुठीत होता ते स्वतःला पाटील म्हणवून घेत. काही इतिहासकारांनी याला ढोंग म्हटले आहे. माझे मत तसे नाही. आपले बळ कोणत्या कागदावर उभे आहे याचे भान महादजींना होते.

सगळ्यांत बोलके उदाहरण मात्र ज्याच्यापाशी बळ आणि गादी यांपैकी काहीही नव्हते अशा माणसाचे आहे. रामशास्त्री प्रभुणे हे पुण्याचे न्यायाधीश. नारायणरावांच्या खुनाचा दोष त्यांनी रघुनाथरावांच्या तोंडावर त्यांना लावला, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडून गेले, अशी ही हकिगत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यातले संवाद मागाहून रंगवलेले असतील. पण एका न्यायाधीशाच्या निघून जाण्याने पेशव्यांच्या अधिकाराला तडा गेला, आणि बारभाईंनी त्यांना सन्मानाने परत आणले, हे पुढच्या घडामोडींवरून दिसते. तडा जातो तो अशा वेळी, जेव्हा ज्याचा शब्द लोक मानतात तो माणूस मान्यता काढून घेतो.

इंग्रजांना हे सगळे उमगले होते. बंगालची दिवाणी त्यांनी १७६५ मध्ये बादशहाकडूनच लिहून घेतली होती. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले, तेव्हा एल्फिन्स्टनने त्यांना कैद्यासारखे वागवले नाही, साताऱ्याच्या गादीवर बसवले. पेशव्यांची सत्ता मोडण्यासाठी पेशव्यांच्याच धन्याचा अधिकार वापरायचा, ही ती चाल. काम झाल्यावर १८३९ मध्ये त्याच प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे झगडले. दरम्यान १८४८ मध्ये सातारा खालसा झाला. कंपनीला आता मान्यता मागायची गरज वाटत नव्हती. पुढच्या नऊ वर्षांत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांतही पंथ आहेत, आणि त्यांच्यातला वाद खरे तर याच प्रश्नावरचा आहे. ग्रँट डफने १८२६ मध्ये लिहिलेल्या इतिहासात मराठ्यांचा उदय हा वणव्यासारखा, संधी साधून पेटलेला दिसतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये त्याला उत्तर दिले. या राज्यामागे संतांनी तयार केलेली समाजाची एकजूट होती, असा त्यांचा दावा. म्हणजे सत्तेच्या आधी अधिकाराची जमीन नांगरली गेली होती. राजवाड्यांना संतांविषयीचे हे मत मान्य नव्हते. त्यांनी रामदासांना आणि महाराष्ट्रधर्माला झुकते माप दिले. मात्र त्यांनी गावोगाव फिरून जी साधने छापली त्यांच्यामुळेच आज आपण गावपातळीवरचा कारभार पाहू शकतो. सरदेसायांच्या रियासतींनी आणि पेशवे दफ्तरातून निवडलेल्या खंडांनी दरबाराची बाजू भरून काढली. सुरेंद्रनाथ सेन यांनी कारभाराची यंत्रणा मांडली. १९८६ मध्ये आंद्रे विंक यांनी वाद नव्या वळणावर नेला. वतनदारांशी सतत होणारी बोलणी, फितवा, तडजोड यांतूनच राज्य घडत होते, फितवा म्हणजे राज्याचा रोग नव्हता, असे त्यांनी मांडले. मी स्वतः रानडे आणि विंक यांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. पण माझा सर्वाधिक ओढा आहे तो गावच्या महजरांकडे, म्हणजे निवाड्याच्या कागदांकडे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे यायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार साक्षीला बसायचे. निवाड्याच्या कागदावर लिहिता न येणारे आपली निशाणी काढायचे, आणि कुणब्याची निशाणी नांगर. पोलीस नाही, तुरुंग नाही, तरी तो निवाडा पिढ्यान्‌पिढ्या पुराव्यादाखल पुढे केला जायचा.

या गोतसभेवर मी भाळलो आहे असे वाचकाला वाटेल, म्हणून इथेच थांबून तिची दुसरी बाजू सांगतो. तीच सभा माणसाला वाळीतही टाकत असे. पाणी बंद, आग बंद, लग्नकार्य बंद. सरकारचा शिपाईही न येता माणूस उद्ध्वस्त होत असे. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो २०१६ मध्ये, यावरून हा अधिकार किती चिवट होता ते समजते. अन्यायी सत्तेविरुद्ध माणूस निदान मनातून तरी बंड करतो. अन्यायी अधिकार मनातच राहायला येतो. स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या १९६१ च्या प्रयोगाची आठवण इथे येते. झगा घातलेला एक शास्त्रज्ञ शांतपणे सांगत राहिल्यावर चाळीसपैकी सव्वीस माणसे, आपण समोरच्याला विजेचे भयंकर झटके देत आहोत असे समजूनही, शेवटच्या बटणापर्यंत गेली. कोणी त्यांना धमकावले नव्हते.

म्हणूनच जोतीराव फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर या पुस्तकात नुसते उल्लेखापुरते येत नाहीत, त्यांच्यावाचून विषय पुराच होत नाही. फुल्यांच्या काळी ब्राह्मणांची राजकीय सत्ता संपून पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि भटाशिवाय लग्ने लावली, तो घाव अधिकारावर होता. महाडची गोष्ट त्याहून उघड आहे. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर कायदेशीर अधिकार मिळाला. तीन वर्षे कोणी ओंजळभर पाणी घेऊ शकले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्यासाठीच्या लढ्यात ग्रंथ कशाला जाळायचा, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी केला, आजही करतात. तळ्यावर काठ्या घेऊन उभे असलेले लोक ज्या ग्रंथाच्या जोरावर ‘आम्हांला हा हक्क आहे’ असे मानत होते, त्या मानण्यालाच हात घातल्याशिवाय काठी खाली येणार नव्हती. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये.

हे सगळे आज का वाचायचे? काही वर्षे मी गावोगावच्या ग्रामपंचायत सदस्यांच्या शिबिरांत शिकवायला जात असे. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या एकूण जागांच्या निम्म्या केल्या. एका गावात गेलो तर सरपंच ताई खुर्चीच्या कडेवर बसलेल्या. सही त्यांची, शिक्का त्यांचा, चेकवर ग्रामसेवकाबरोबर नाव त्यांचे. बैठक सुरू करायची का असे विचारले तर म्हणाल्या, “थांबा, अण्णा येऊ द्या.” अण्णा म्हणजे सासरे. अण्णा आले, दाराशी बसले, आणि बैठक त्यांच्याकडे तोंड करून झाली. कायद्याने दिलेला अधिकार आणि गावाने मानलेला अधिकार एकाच खोलीत आठ हातांवर बसले होते.

दोन वर्षांनी पुन्हा त्याच गावात गेलो. मधल्या उन्हाळ्यात टँकर आले होते. ताईंनी पाण्याच्या पाळ्यांची यादी स्वतः लिहून पंचायतीच्या भिंतीवर लावली होती. दूरची वस्ती पहिली, त्यांची स्वतःची आळी शेवटची. अण्णांनी तक्रार केली तेव्हा त्यांनी यादीकडे बोट दाखवले. एवढेच घडले होते. या खेपेला बैठकीत एका म्हाताऱ्या बाईने रस्त्याचे काहीतरी विचारले आणि अण्णांनीच तिला सांगितले, “ते ताईंना विचारा.” नेतृत्वावरची पुष्कळ पुस्तके मी वाचली आहेत. त्या दुपारी जे पाहिले त्याचा उलगडा करायला मला बर्नार्ड, फॉलेट आणि चिपळूणचे ते पत्र या तिन्हींची गरज पडली.

आपल्याकडे आज पदे वाढली आहेत. शाळेत, सहकारी संस्थांत, बचत गटांत, सोसायट्यांत, कंपन्यांत माणसे पदावर येतात आणि पहिल्या महिन्यातच म्हणतात, ‘चार्ज मिळाला, पण कोणी ऐकत नाही.’ त्यावर उपाय म्हणून ती आणखी सत्ता मागतात. कडक नियम, हजेरीचे यंत्र, मेमो. या पुस्तकातून त्यांना युक्त्या मिळणार नाहीत. आपल्या हाताखालची माणसे नेमके काय मानतात, का मानतात आणि आपण त्यांच्या कोणत्या पट्ट्याबाहेर पाऊल टाकले, हे पाहण्याची सवय मिळाली तर मला पुरे.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कोल्हापूर आणि तंजावर या दोन गाद्यांचा विचार इथे ओझरता आहे, त्यांच्यावर स्वतंत्र लिहिण्याची योग्यता असलेले अभ्यासक आहेत. लढायांची वर्णने नाहीत. मोडीतले उतारे वाचताना काही ठिकाणी माझ्या वाचनाला दुसरे पाठभेद संभवतात, तिथे मी तसे त्या त्या प्रकरणातच सांगितले आहे. मांडणी काळाच्या क्रमाने नाही. प्रत्येक प्रकरण एका कागदापाशी सुरू होते, कधी फर्मान, कधी सनद, कधी ग्रामसभेचे इतिवृत्त, आणि तो कागद कोणी मानला व कोणी झुगारला याच्या मागावर जाते. शेवटचे प्रकरण कोणत्याही पुढाऱ्यावर नाही. ते एका गावच्या महजरावर आहे. त्याचे छायाचित्र पानभर छापले आहे. मजकूर वाचता आला नाही तरी चालेल. कागदाच्या तळाशी, डाव्या हाताला, एकाखाली एक सात नांगर काढलेले दिसतील, आणि आठव्या जागी काही काढलेले नाही.